न दुखणारा हात : मज्जातंतूंचे विकार, नंदुरबार जिल्हा आणि वैद्याची नीती

वैद्यकीय नीतीची जी चौकट आज सर्वत्र मान्य आहे, तिच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते इतके स्वाभाविक वाटते की त्याचा उच्चार सहसा होत नाही. रोग्याला काहीतरी होते, जे होते ते त्याला जाणवते, जाणवलेले तो सांगतो आणि त्या सांगण्यापासून वैद्याचे कर्तव्य सुरू होते, असे ते गृहीत आहे. संमती घ्यावी, गुप्तता राखावी, अकारण तपासण्या करू नयेत, गरिबाला नाडू नये, ही सारी कर्तव्ये दवाखान्याच्या दारात येऊन आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगणाऱ्या माणसाला समोर ठेवून लिहिली गेली आहेत. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या विकारांत हे गृहीतच टिकत नाही, कारण दुखण्याची बातमी मेंदूपर्यंत पोहोचवणारी किंवा ओठांतून बाहेर काढणारी यंत्रणाच तिथे आजारी असते. ज्याला दुखतच नाही त्याने फिर्याद कोणती आणि कोणाकडे न्यावी, हा प्रश्न या शाखेच्या नीतिविचारात सर्वांत आधी यायला हवा.

प्रथम शब्दांविषयी. बोलीत ज्याला 'नस' म्हणतात तिच्यात रक्त वाहणारी शीर, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी आणि संदेश वाहणारा तंतू अशा तीन वेगळ्या वस्तू एकत्र नांदतात, आणि 'नस दबली आहे' एवढे सांगून रोग्याला वाटेला लावण्याची जी सवय दवाखान्यांत पडली आहे तिचे मूळ या धूसरपणात आहे. येथे मज्जातंतू म्हणजे मेंदू व पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांपासून निघून त्वचा, स्नायू आणि अवयव यांपर्यंत जाणारे तंतू असा अर्थ घेतला आहे. त्यांतील काही तंतू स्पर्श, ऊष्मा आणि वेदना यांची वार्ता आत नेतात, काही हालचालीचा हुकूम बाहेर आणतात आणि काही घाम व त्वचेचा ओलावा सांभाळतात. हुकूम आणणारा तंतू जिथे स्नायूला भेटतो त्या सूक्ष्म जागेला मज्जातंतू-स्नायू संधी म्हणतात. विकार तंतूत असू शकतो, संधीत असू शकतो किंवा खुद्द स्नायूत असू शकतो. तिन्ही ठिकाणी त्याची लक्षणे वेगळी असली, तरी रोगी आणि वैद्य यांच्यातील संवाद तुटतो ही गोष्ट तिन्हींत समान आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेला नंदुरबार जिल्हा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आडबाजूचा वाटेल, परंतु वस्तुस्थिती उलट आहे. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे १६ लाख ४८ हजार होती आणि तिच्यातील दर १०० माणसांपैकी ६९ अनुसूचित जमातींची होती. भिली, पावरी, मावची, देहवाली, अहिराणी, गुजरी अशा बोली येथे घराघरांत चालतात, आणि मराठी ही अनेकांना शाळा, कचेरी व दवाखाना यांपुरती भेटणारी भाषा आहे. राज्यातील ज्या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रोगी आजही सातत्याने सापडतात त्यांत नंदुरबारचा समावेश होतो. कुष्ठरोग हा त्वचेचा आजार आहे असा समज सर्वदूर असला, आणि त्याचा पहिला चट्टा त्वचेवरच उमटत असला, तरी तो मुळात मज्जातंतूंचा आजार आहे. त्याचा जंतू तंतूंभोवती वेष्टण करणाऱ्या पेशींत घर करतो, अतिशय मंद गतीने वाढतो आणि लागणीपासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, प्रसंगी वीस वर्षेही जाऊ देतो. जगात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात. म्हणून मज्जातंतुविकारांच्या वैद्यकीय नीतीची चर्चा महानगरातील विद्युत्-तपासणीच्या खोलीतून सुरू करण्याऐवजी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू करणे अधिक न्याय्य ठरते.

नंदुरबार हे लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध गाव आहे. हंगामात गावाबाहेरच्या पथारींवर मिरचीचे लाल गालिचे पसरतात आणि बायका दिवसभर बसून मिरचीची देठे खुडतात. त्या कामाने हातांची जी आग होते ती पाण्याने विझत नाही. मिरचीतील तिखट द्रव्य त्वचेतील ज्या बारीक तंतूंना चेतवते तेच तंतू चटक्याची वार्ताही नेतात. हे ज्या ग्राहक-रेणूमुळे घडते तो डेव्हिड ज्यूलियस यांनी मिरचीतील त्याच द्रव्याच्या साहाय्याने १९९७ मध्ये शोधला आणि त्यासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना आर्देम पातापूतियान यांच्यासह मिळाले. कुष्ठरोग सर्वप्रथम याच बारीक तंतूंवर घाला घालतो. म्हणजे पथारीवरच्या एखाद्या बाईच्या तळहाताची आग हळूहळू कमी होऊ लागली, तर शेजारणींच्या दृष्टीने तो हात कामाला सरावला असे होईल, मुकादमाच्या दृष्टीने ती चांगली कामकरीण ठरेल, आणि तिच्या स्वतःच्या दृष्टीने तो दिलासाच असेल. तव्यावरून भाकरी उलटताना बोटाला फोड आली आणि ती कशी आली हे तिला आठवले नाही, तरी त्याबद्दल कोणी दवाखान्यात जात नाही. वेदना नाहीशी होणे हेच ज्या रोगाचे लक्षण आहे, त्या रोगात रोग्याच्या तक्रारीची वाट पाहत बसणे ही वैद्याची तटस्थता नसते, ती कर्तव्यातली चूक असते.

यावरून या शाखेतील पहिला नीतिदंडक निघतो, तो तपासण्याचा. येथे तपासणे हे शब्दशः हाताने करायचे काम आहे. कुष्ठरोग कार्यक्रमात संवेदनेच्या तपासणीसाठी साधे बॉलपेन वापरले जाते. रोग्याला आधी डोळे उघडे ठेवून पद्धत समजावतात, मग डोळे मिटायला सांगतात, तळहातावर आणि तळपायावर ठरावीक जागी पेनाचे टोक त्वचेला किंचित खळगा पडेल इतकेच टेकवतात आणि जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगतात. बोट योग्य जागी येते, किंवा चुकते, किंवा उठतच नाही. त्यानंतर स्नायूंची ताकद पाहतात : डोळे घट्ट मिटता येतात का, करंगळी बाहेर नेता येते का, अंगठा वर उभा राहतो का, मनगट वर उचलते का, पाऊल वर येते का. प्रत्येक ठिकाणी वैद्य आपल्या बोटाने उलट जोर लावतो आणि 'सशक्त', 'अशक्त' किंवा 'लुळा' अशी नोंद करतो. कोपराच्या मागे, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला तंतू जाड झाला आहे का, दाबल्यावर दुखतो का, हे बोटांनी चाचपतात. या साऱ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि पैसा जवळजवळ लागत नाही. बाजाराच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात रांग दाराबाहेर गेलेली असताना ही वीस मिनिटे एका न कण्हणाऱ्या माणसाला देणे ही या क्षेत्रातील सर्वांत कठीण नैतिक कृती आहे. तिच्याविषयी कोणत्याही संहितेत स्वतंत्र कलम नाही.

ही वीस मिनिटे महत्त्वाची ठरतात कारण तंतूला मुदत असते. संवेदना किंवा ताकद नुकतीच कमी झाली असेल, साधारण सहा महिन्यांच्या आत, तर प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे औषध काही आठवडे उतरत्या मात्रेत देऊन तंतू पुष्कळदा वाचवता येतो. त्यापेक्षा अधिक काळ लोटला की मग बोटे वाकतात, पाऊल लोंबते, पापणी मिटेनाशी होते, आणि न मिटणाऱ्या डोळ्यात धूळ जाऊन दृष्टीही जाऊ शकते. जंतू मारणारी बहुविध औषधोपचार पद्धती १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली, ती देशभर विनामूल्य मिळते आणि सहा किंवा बारा महिन्यांत जंतूंचा बंदोबस्त करते. मात्र जंतू मरणे आणि तंतू वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शरीराची प्रतिक्रिया औषध चालू असताना आणि संपल्यावरही उसळू शकते, आणि गोळ्यांची पाने संपली म्हणून ज्याचे नाव यादीतून कमी झाले, त्याच माणसाची करंगळी पुढच्या पावसाळ्यात वाकू शकते. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण या निकषावर, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे देशपातळीवर निर्मूलन साध्य झाले आणि तसे जाहीर करण्यात आले. त्या घोषणेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु सरासरीचा निकष डोंगरातल्या पाड्याला लागू पडत नाही, आणि निर्मूलनाच्या आनंदात स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळली तेव्हा चाचपणारी अनुभवी बोटे हळूहळू निवृत्त होत गेली. ती जागा आशा कार्यकर्तींच्या घरोघर पाहणीने काही अंशी भरून निघते. चट्टा आशाताईंना दिसतो, पण तंतू चाचपणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि ते दुसऱ्याच्या शिरावर ढकलता येत नाही.

औषध सुरू करतानाही याच जिल्ह्यात एक वेगळी दक्षता लागते. डॅप्सोन या कुष्ठरोगावरील जुन्या आणि उपयुक्त औषधाने काही जणांच्या तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होऊ शकते, आणि सातपुड्यातील आदिवासींमध्ये सिकलसेलचा आजार व त्याचे वाहकत्व पुष्कळ आढळते. हिमोग्लोबिन न पाहता गोळ्यांचे पान हाती ठेवणे हे नियमाला धरून असेल, पण ते या भूगोलाला धरून नाही.

संमतीच्या प्रश्नाला कुष्ठरोगाच्या इतिहासात एक कठोर दाखला आहे. नॉर्वेतील बर्गेन येथे गेऱ्हार्ड आर्मावर हान्सेन यांनी १८७३ मध्ये या रोगाचा जंतू पाहिला आणि हा आजार शाप किंवा आनुवंशिक दोष नसून संसर्ग आहे हे सांगितले. मानवजातीवर त्यांचे हे ऋण मोठे आहे. त्याच हान्सेन यांनी १८७९ मध्ये, आपले म्हणणे सिद्ध करण्याच्या ध्यासात, मज्जातंतूंच्या प्रकारचा कुष्ठरोग असलेल्या एका स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रोग्याच्या गाठीतील द्रव्य टोचले. तिची परवानगी त्यांनी मागितली नव्हती. त्या स्त्रीने तक्रार केली, प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० मध्ये रुग्णालयातील वैद्य म्हणून त्यांचे पद काढून घेण्यात आले. रोग्याच्या संमतीसंबंधी नंतरच्या शतकात जे काही लिहिले गेले त्याच्या कितीतरी आधी एका बहिष्कृत रोगिणीचा शब्द एका थोर संशोधकाच्या शब्दापेक्षा न्यायासनाने वजनदार मानला. या घटनेची आठवण वैद्यकीय महाविद्यालयात जंतूच्या शोधाइतक्याच ठळकपणे दिली जायला हवी, आणि नंदुरबारमध्ये २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असल्याने तिचे स्थान येथेही आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या समीरा कोहली खटल्यातील निकालात स्पष्ट केले की निदानासाठी दिलेली संमती ही उपचारासाठी दिलेली संमती ठरत नाही. मज्जातंतूंच्या बाबतीत याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा की, निदानासाठी घोट्याजवळच्या तंतूचा तुकडा काढायचा असेल, तर त्यानंतर पावलाच्या कडेची एक पट्टी कायमची बधिर राहू शकते हे आधी सांगायला हवे. तसेच वाकलेली बोटे सरळ करण्यासाठी दुसऱ्या स्नायूची दोरी तिथे वळवण्याची शस्त्रक्रिया करायची असेल, तर हात सरळ होईल पण स्पर्श परत येणार नाही, हेही तितक्याच स्वच्छपणे सांगायला हवे. अंगठा उमटवून घेणे म्हणजे संमती नव्हे, हे अशा हाताच्या बाबतीत अधिकच खरे आहे, ज्याच्या अंगठ्याला शाईचा ओलावाही कळत नाही.

अंगठ्याच्या या उल्लेखाबरोबर शहादा तालुक्यातील टेंभली गावाची आठवण येणे अपरिहार्य आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक याच गावात देण्यात आला. ज्या जिल्ह्यातून बोटांच्या ठशांवर आधारलेली ओळख देशभर गेली, त्याच जिल्ह्यात झिजलेल्या, आखडलेल्या बोटांची माणसेही राहतात, आणि यंत्राने ठसा ओळखला नाही की शिधा आणि निवृत्तिवेतन दोन्ही अडकू शकतात. नियमात अशांसाठी अपवादाची सोय आहे, परंतु ती सोय मिळवून देणारा कागद बहुतेक वेळा डॉक्टरांच्या सहीने सुरू होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत कुष्ठरोगमुक्त व्यक्ती, स्नायूंची अपुष्टी, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार आणि सिकलसेल हे सारे आहेत. प्रमाणपत्र लिहिणे हे कारकुनी काम आहे असे मानणाऱ्या वैद्याने हे ध्यानात घ्यावे की तंतू वाचवता आला नाही तेव्हा रोग्यासाठी करता येण्याजोगे ते सर्वांत मोठे काम असू शकते.

गुप्ततेच्या कर्तव्याची परीक्षा कुष्ठरोगाइतकी दुसऱ्या कोणत्याही मज्जातंतुविकारात होत नाही. १८९८ चा कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहणार नाही अशी दुरुस्ती २०१९ मध्ये झाली, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही सुमारे सात दशके कायदाच रोग्याचे नाव उघड होण्याला भयंकर किंमत लावत होता. गावाची नजर कायद्याइतक्या लवकर बदलत नाही. अशा वेळी औषधच गुपित फोडते. क्लोफाझिमिन या औषधाने त्वचेला लालसर-काळपट छटा येते, ती महिनोन्‌महिने टिकते आणि पाड्यावर प्रश्न सुरू होतात. हे आधी सांगितले गेले असेल तर रोगी उत्तराची तयारी ठेवतो आणि सांगितले नसेल तर गोळ्या खळ्यात पुरतो. याहून अवघड प्रश्न संपर्कातील माणसांना द्यायच्या रिफाम्पिसिनच्या एका मात्रेचा आहे. बांगलादेशातील अभ्यासात या एका मात्रेने पहिल्या दोन वर्षांत संपर्कातील लोकांना रोग होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि भारताच्या कार्यक्रमात ती आता दिली जाते. लाभ निःसंशय आहे, परंतु ती शेजाऱ्याला द्यायची तर शेजारी विचारणारच की हे कोणामुळे. रोग्याने होकार दिल्याशिवाय त्याचे नाव या साखळीत येऊ नये, आणि रोग्याने केवळ घरच्यांपुरता होकार दिला तर शेजाऱ्यांचा लाभ तेवढ्यापुरता सोडून द्यावा, किंवा सगळ्या पाड्याला एकत्र तपासून व औषध देऊन नाव झाकावे. दुसरा मार्ग जास्त कष्टाचा आहे आणि तोच स्वीकारला जावा. रोग्यांच्या छायाचित्रांविषयीही हेच म्हणता येईल. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत, ओळख पटेल अशा रीतीने रोग्याचे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारून ओळख लपते हा भ्रम आहे, कारण गावात माणसाचा हात चेहऱ्याइतकाच ओळखीचा असतो.

हीच २००२ ची संहिता रोगी पाठवल्याबद्दल मोबदला घेण्या-देण्यास मनाई करते. बोलीत ज्याला 'कट' म्हणतात तो हा मोबदला मज्जातंतुविकारांत विशेष फोफावतो, कारण येथल्या तपासण्या महाग असतात आणि त्या जरुरीच्या होत्या की नव्हत्या हे रोग्याला कधीच कळत नाही. तंतूतून विजेचा सौम्य झटका पाठवून संदेशाचा वेग मोजणे आणि स्नायूत बारीक सुई घालून त्याची विद्युत्-हालचाल पाहणे या तपासण्या हाताने केलेल्या परीक्षेच्या पुढच्या पायऱ्या आहेत, तिच्या ऐवजी करायच्या नव्हेत. सुई दुखते, झटका घाबरवतो आणि अहवालातील आकडे योग्य प्रश्न विचारला असेल तरच बोलतात. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून आलेला १२०० रुपयांचा धनादेश परत करून महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली, तेव्हा ज्या गोष्टीविषयी सारे जाणत होते आणि कोणी बोलत नव्हते तिला कागदावर रूप आले. २०१७ मध्ये राज्याने अशा व्यवहारांना आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदाही तयार करवला, परंतु मसुद्याचा कायदा झाला नाही. अक्राणी तालुक्यातील धडगावहून तपासणीसाठी धुळे, नाशिक किंवा सुरत गाठणाऱ्या कुटुंबाच्या खर्चात गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि प्रसंगी विकलेली शेळीही धरावी लागते. त्या खर्चात कटाचा वाटा मिसळणे हे उघड चोरीपेक्षा हीन आहे, कारण ते विश्वासाच्या वाटेने घरात शिरते.

बावस्करांचे मुख्य कार्य विंचूदंश आणि सर्पदंशावरचे आहे, आणि सर्पदंश हाही मज्जातंतूंच्या वैद्यकाचाच विषय आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. तिचे विष मज्जातंतू-स्नायू संधीवर काम करते. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि श्वासाचे स्नायू थांबतात. या अवस्थेतील माणूस हलत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत आणि तो मेल्यासारखा दिसतो, परंतु त्याची शुद्ध शाबूत असू शकते, खाटेशेजारचे बोलणे त्याला ऐकू येत असू शकते. श्वास चालू ठेवला, यंत्र नसेल तर हाताने दाबायच्या फुग्याने तासन्‌तास, तर तो काही दिवसांनी उठून बसू शकतो. अशा रोग्याच्या बाबतीत प्रयत्न सोडून देण्याचा निर्णय मण्यारीची शक्यता निःशेष फिटल्याशिवाय घेता येत नाही, आणि त्याच्या उशाशी 'आता काही उरले नाही' असे शब्द उच्चारणेही नीतीला धरून नाही. रोग्याला आधी बडव्याकडे, म्हणजे पाड्यावरच्या पारंपरिक मांत्रिक-वैदूकडे, नेले होते म्हणून नातेवाइकांवर डाफरणारा वैद्य स्वतःचेच नुकसान करतो. बडव्याचे घर दहा मिनिटांवर होते आणि रुग्णालय झोळीच्या वाटेने कित्येक तासांवर होते, हा त्या निवडीमागचा साधा हिशेब असतो. बडव्याचा मान राखून, पापणी जड दिसताच गाडी बोलावण्याची त्याच्याशीच बोलणी करणे अधिक फलदायी ठरते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या आजाराची लाट आली, तेव्हा हेच प्रश्न शहरी मध्यमवर्गाच्या अनुभवाला आले. संसर्गानंतर शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच तंतूंवर उलटते आणि पायांपासून वर चढणारा लुळेपणा येतो, असा हा आजार आहे. त्या लाटेत दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्यावर शिरेतून देण्याचे प्रतिपिंडांचे औषध शरीराच्या वजनानुसार किलोमागे दोन ग्रॅम इतके, सहसा पाच दिवसांत विभागून देतात, आणि त्याचा खर्च लाखांत जातो. रक्तातील द्रव बदलण्याची दुसरी पद्धत वेळेत केली तर तितकीच गुणकारी असून पुष्कळदा स्वस्त पडते. दोन्ही मार्ग माहीत असलेल्या वैद्याने एकच मार्ग सांगणे ही अर्धी माहिती झाली, आणि अर्ध्या माहितीवरची संमती अर्धीच असते. सौम्य रुग्णाला दोन्हींपैकी काहीच न देता केवळ बारकाईने लक्ष ठेवणे पुरेसे असू शकते, हेही सांगण्याचे धैर्य असावे.

स्नायूंच्या आनुवंशिक विकारांत प्रश्नाचे स्वरूप पालटते, कारण तेथे रोगी लहान मूल असते आणि बोलणारे आईबाप आशेने व्याकूळ असतात. ड्यूशेन प्रकारच्या स्नायू-अपुष्टीत मुलगा तीन ते पाच वर्षांचा असताना वारंवार पडू लागतो, पोटऱ्या भरदार दिसतात, आणि जमिनीवरून उठताना तो आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. हा दोष सहसा आईकडून येणाऱ्या गुणसूत्रातून उतरतो, परंतु सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्याने उद्भवलेला असतो आणि आई वाहक नसते. तपासणीपूर्वीच 'आईकडून आला' असे सासरच्या माणसांसमोर बोलणारा डॉक्टर एका वाक्याने एका बाईचे घर मोडू शकतो. पुढचा धोका मूळपेशींच्या उपचारांचा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर मूळपेशींचा वापर फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच होऊ शकतो आणि चाचणीबाहेर पैसे घेऊन तो करणे हा गैरव्यवहार ठरतो. तरीही जमीन गहाण टाकून असे उपचार घेणारी कुटुंबे थांबलेली नाहीत. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. कदाचित त्यांच्या डॉक्टरांनी 'यावर काही उपाय नाही' एवढेच सांगून त्यांना मोकळे सोडले, आणि ती पोकळी विकणाऱ्याने भरली. बरे करणारे औषध नसले तरी स्टेरॉइडने चालणे काही वर्षे लांबवता येते, व्यायामाने सांधे आखडणे रोखता येते, हृदय आणि श्वास यांवर लक्ष ठेवता येते. एवढे काम पुढ्यात असताना 'काही उपाय नाही' हे वाक्य वस्तुस्थितीलाही धरून नाही.

या सगळ्यांतून भाषेचा प्रश्न आरपार जातो. बधिरपणा, मुंग्या, जडपणा, आग, गारठा यांतला फरक हाच मज्जातंतुविकारांच्या निदानाचा कच्चा माल आहे, आणि तो माल पावरीत किंवा मावचीत असतो. दुभाषा म्हणून रोगिणीचा दीर किंवा शाळकरी मुलगा उभा केला की काही गोष्टी बोलल्याच जात नाहीत. संवेदनेची तपासणी तर पूर्णपणे शब्दांवर उभी आहे : 'डोळे मिटा आणि जिथे लागेल तिथे बोट ठेवा' हे वाक्य नीट समजले नसेल तर निरोगी हातही बधिर म्हणून नोंदला जाईल आणि बधिर हात निरोगी म्हणून. जिल्ह्यातील बोलींतून ही दहा-बारा वाक्ये शिकून घेणे हा विद्यार्थ्याच्या सद्गुणाचा भाग मानला जातो, तो परीक्षेचा भाग व्हायला हवा.

दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात आणि त्यांतील बरीचशी होळीला परततात. कुष्ठरोग कार्यक्रमाच्या नियमांत स्थलांतर करणाऱ्या रोग्याला पुढच्या महिन्यांची गोळ्यांची पाने एकदम देण्याची मुभा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु उसाच्या फडात पाचटाने तळपाय कापला तर ते त्याला कळणार नाही, आणि करंगळीची ताकद गेली तर कोयता निसटेपर्यंत लक्षात येणार नाही. म्हणून निघण्यापूर्वीची तपासणी गोळ्यांइतकीच आवश्यक ठरते. तळपायाची नोंद कार्डावर करावी, कार्डाची एक प्रत रोग्याच्या पिशवीत द्यावी, एमसीआर या सूक्ष्मछिद्री रबराची मऊ चप्पल पायात घालूनच त्याला पाठवावे, आणि रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवून, तेल लावून, उजेडात दोन्ही तळवे डोळ्यांनी पाहण्याची सवय त्याच्याबरोबर जाणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला लावून द्यावी. परतल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा तेच पेन, त्याच ठरावीक जागा, आणि होळीनंतरचा रकाना दिवाळीपूर्वीच्या रकान्याशेजारी ठेवून वाचणे. दोन रकान्यांत एका जागेचा जरी फरक पडलेला दिसला, तरी त्या दिवसापासून मुदत मोजायची असते.